छत उचलता आलं पाहिजे: वर्धा जिल्ह्यातल्या एका अभ्यासिकेच्या मॉडेलचं प्रकरण

गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीन-तुरीचं, बाजूनं नाला जातो. ग्रामपंचायतीनं गावठाणाला लागून असलेली एक मोकळी जागा अभ्यासिकेसाठी ठेवली होती, कारण पोलीस भरती आणि तलाठीची तयारी करणारी पोरं-पोरी सध्या देवळाच्या सभामंडपात बसतात आणि भजन सुरू झालं की उठतात. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाच्या पाच जणांच्या ग्रुपनं हीच जागा सेमिस्टरच्या प्रोजेक्टला घेतली. मी वर्ध्यात प्रॅक्टिस करतो, त्यांच्या स्टुडिओत बाहेरून क्रिटला, म्हणजे कामावर समोरासमोर टीका करायच्या बैठकीला, जात होतो, त्यामुळे पहिल्या मॉडेलपासून शेवटच्यापर्यंत सगळं जवळून पाहायला मिळालं. डिझाइन क्रिटनं मॉडेल सुधारतं असं सगळेच म्हणतात, पण ते नेमकं कुठल्या क्षणी आणि कशामुळे सुधारतं हे या प्रकरणात इतकं स्वच्छ दिसलं की लिहून काढावंसं वाटलं.

जागा साधारण चौरस, उत्तर-दक्षिण १८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २० मीटर. पश्चिमेला रोड, रोडच्या पलीकडे पानटपरी. उत्तरेला नाला. दक्षिणेला गावातली घरं आणि एक मोठा कडुनिंब. माती काळी, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात.

ग्रुपचं पहिलं मोठं मॉडेल १:५० ला होतं, म्हणजे खऱ्या मापाच्या पन्नासाव्या भागाएवढं. नऊ इंची भिंत या स्केलला साडेचार मिलिमीटरच्या किंचित वर येते, म्हणून ५ एमएमचा पांढरा सनबोर्ड (मॉडेलला वापरतात तो हलका फोमचा बोर्ड), कोपरे ४५ अंशात कापलेले, फेव्हिक्विकनं चिकटवलेलं, खाली गुळगुळीत काळा बेस. १४ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद हॉल रोडला समांतर ठेवला होता, म्हणजे लांब बाजू पश्चिमेकडे, आणि त्या बाजूला खालपासून वरपर्यंत ३ मीटर उंच काच. वर सपाट स्लॅब, तोही चिकटवलेला. काम खरंच सुबक होतं, कटरची एक रेघ वाकडी नव्हती, आणि माझ्या मते तिथंच सगळं अडलं.

कारण कॉलेजातल्या पहिल्या रिव्ह्यूत लोक काय बोलले तर एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू, छान आहे, काचेचे भाग कसे पाडले, एंट्रन्स अजून ठळक करा. आत डोकावायला जागाच नव्हती, छत चिकटलेलं, मग आतल्याबद्दल कोण बोलणार. एवढं सफाईदार मॉडेल समोर ठेवलं की बघणाऱ्याला वाटतं हे झालंय, आता काय मोडायला लावायचं पोरांना, आणि मग तो चांगलं बोलून पुढच्या टेबलावर जातो. पॅरिसच्या एकोल द बोझार या कला आणि आर्किटेक्चरच्या शाळेत १९ व्या शतकात ज्युरी, म्हणजे परीक्षकांनी काम तपासायची बैठक, बंद दाराआड व्हायची, विद्यार्थ्याला फक्त निकाल कळायचा. आता आपण समोर उभं राहून ऐकतो खरं, पण पक्कं मॉडेल मांडून ठेवलं की ऐकायला निकालच मिळतो, कामाची टीका मिळत नाही.

ग्रुपमध्ये कामाची वाटणी पण भागांप्रमाणे होती. एकीनं प्लॅन, एकानं एलिव्हेशन, एकानं भिंती कापायच्या, एकीनं छत, एकानं शीटा आणि प्रेझेंटेशन. ऐकायला ठीक वाटतं, पण छत कापणारीकडे आधीच्या ड्रॉइंगची प्रिंट होती आणि भिंतीवाल्याकडे नंतरची, त्यामुळे छत एका बाजूनं ६ मिलिमीटर कमी पडलं. टेबलावर ६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पट्टी लावून झाकता येतं आणि त्यांनी झाकलंही, पण १:५० ला ते ३० सेंटीमीटर होतात, म्हणजे अख्खी भिंत पावसात. आणि याची जबाबदारी कोणाची तर कोणाचीच नाही, कारण ज्याचा त्याचा भाग ज्याच्या त्याच्या हिशोबानं बरोबर होता.

यावर मी दोन गोष्टी सुचवल्या. छत कापून काढा आणि परत चिकटवू नका. आणि वाटणी भागांची नको, प्रश्नांची करा. त्यांनी ती अशी केली: एकीकडे ऊन आणि गरमी, एकाकडे पाणी आणि जमीन, एकीकडे येणं-जाणं म्हणजे कोण कुठून येतं, कोणाला चढता येत नाही, कोणाला भीती वाटते, एकाकडे खर्च आणि मिस्त्रीला जमेल का ते, आणि पाचव्याकडे फक्त चालू ड्रॉइंग, त्याच्याकडची फाईल तीच खरी, बाकी कोणाच्या फोनमधली चालणार नाही. कापायला मात्र पाचही जण एकाच टेबलावर. प्रत्येकानं आपल्या प्रश्नासाठी भांडायचं, भागासाठी नाही. हा बदल दिसायला छोटा आहे पण ग्रुपमधलं बोलणंच बदललं, आधी एलिव्हेशनवर कोणी बोललं की एलिव्हेशनवाल्याला लागायचं, आता तो भाग कोणा एकाचा राहिलाच नव्हता.

छत निघाल्यावर पहिली परीक्षा उन्हाची झाली. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, फार सोपी आहे. त्या अक्षांशाची कागदी सूर्यघडी प्रिंट करायची, उत्तर जुळवून बेसवर सपाट चिकटवायची, दिलेल्या उंचीची टाचणी उभी करायची आणि मॉडेल बाहेर उन्हात न्यायचं. मग टाचणीच्या सावलीचं टोक हव्या त्या महिन्याच्या आणि वेळेच्या रेषेवर येईपर्यंत बेस तिरपा करायचा, आता मॉडेलच्या आत जे ऊन पडतं ते त्याच महिन्याचं त्याच वेळचं ऊन. म्हणजे जानेवारीत उभं राहून एप्रिल बघता येतो.

एप्रिलच्या मध्याला, घड्याळात सव्वाचारच्या सुमारास वर्ध्याकडे सूर्य जवळपास सरळ पश्चिमेला असतो आणि क्षितिजापासून फक्त ३१ अंशांवर. ३ मीटर उंच काचेतून ते ऊन जवळपास ५ मीटर आत येतं. हॉल ६ मीटरचा, मॉडेलमध्ये १२ सेंटीमीटरचा, आणि त्यात १० सेंटीमीटर लख्ख पिवळा पट्टा, वाचनाची सगळी टेबलं त्या पट्ट्यात. ऊन सांभाळणारी पोरगी काहीच बोलली नाही, तिनं फक्त फूटपट्टी लावून दाखवली. कोणीतरी म्हणालं छज्जा वाढवू, तर तिनं दोन फुटी छज्जा लावून बघितला, ऊन फक्त दोन फूट मागं सरकलं. पश्चिमेच्या कलत्या उन्हाला आडवा छज्जा पुरतच नाही, तिथं खोल छपरी (पुढं आलेली ओसरी) पाहिजे, जाळी पाहिजे नाहीतर भिंत पाहिजे. तोच दोन फुटी छज्जा दक्षिणेला लावला तर एप्रिलच्या मध्याला भर दुपारी सूर्य ७९ अंशांवर असतो आणि अख्खी खिडकी सावलीत राहते, आणि डिसेंबरात सूर्य ४६ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा थोडं ऊन आत येतं, जे थंडीत हवंच असतं. हे सगळं पुस्तकात असतं आणि त्यांना परीक्षेत येतही होतं. पण हातात धरलेल्या मॉडेलमध्ये टेबलावर ऊन पडलेलं दिसलं तेव्हा काचेची बाजू घेणारा मुलगा स्वतःच म्हणाला की इथं मे महिन्यात कोणी बसणार नाही. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या भागात आपण पश्चिमेला काच लावून राहिलो होतो.

त्यानंतर मॉडेल गावात न्यायचं ठरलं आणि मुद्दाम कच्चं न्यायचं ठरलं. भिंती जुन्याच, पण फेव्हिक्विकऐवजी टाचण्यांवर उभ्या, निघतील आणि सरकतील अशा, छत नुसतं ठेवलेलं, सोबत कटर, रिकामा पुठ्ठा आणि तीन रंगांच्या टाचण्या. लाल म्हणजे हे चालणार नाही, पिवळी म्हणजे प्रश्न, हिरवी म्हणजे हे ठेवा. आणि एक नियम, ग्रुपमधल्या कोणी बचाव करायचा नाही. समजावून सांगायचं नाही, आमचा विचार असा होता वगैरे म्हणायचं नाही, फक्त लिहायचं आणि वाटलं तर 'म्हणजे कसं?' एवढंच विचारायचं. हा नियम पाळणं फार जड जातं. रात्र रात्र जागून केलेल्या कामावर कोणी बोट ठेवलं की तोंड आपोआप उघडतं.

बेस ६० सेंटीमीटर चौरस होता, एसटीच्या दोन माणसांच्या सीटवर बसेल एवढा. समाजमंदिरात चटईवर मांडला. सुरुवातीला लोक लांबूनच बघत होते, मस्त आहे म्हणत होते. मग एका पोराला छत उचलायला सांगितलं, त्यानं उचललं, आणि तिथून पुढं सगळे खाली बसले.

पहिला मुद्दा मिस्त्रींनी काढला. त्यांनी बेसवर तळहात फिरवला आणि म्हणाले, "हे समदं सपाट दाखवलं भाऊ तुमी, तिथं उतार हाये नाल्याकडं." मग तेच उठले, लेव्हल बघायची पाण्याची नळी आणली आणि पोरांना जागेवर घेऊन गेले. दक्षिणेच्या कडेपासून नाल्याकडच्या कडेपर्यंत ७५ सेंटीमीटर उतार निघाला. ग्रुपनं जागा टेपनं मोजली होती पण लेव्हल घेतली नव्हती, सपाटच दिसते जागा, आणि सपाट बेसवर कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. परत आल्यावर पाणी-जमीनवाल्यानं तिथंच ३ एमएमच्या पुठ्ठ्याचे पाच थर कापले, १:५० ला एक थर म्हणजे १५ सेंटीमीटर, पाच थरांत बरोबर ७५, आणि त्यावर इमारत ठेवून बघितली. १४ मीटरची लांबी उताराच्या दिशेनं पडत होती. दक्षिण टोकाला जोतं ४५ सेंटीमीटर धरलं तर नाल्याकडच्या टोकाला ते एक मीटरच्या वर जात होतं आणि मधल्या एंट्रन्सला जवळपास ७५. रॅम्प १:१२ च्या उतारानं धरला तर ७५ सेंटीमीटरला ९ मीटर लांब, मॉडेलवर १८ सेंटीमीटर. तेवढी पट्टी कापून दारापासून रोडकडे ठेवली तर ती बेसच्या बाहेर लोंबकळली. मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं की काळ्या मातीत वरच्यावर पाया घेतला तर भिंत तडकणारच, मुरूम लागेपर्यंत जावं लागते, आणि जोतं जितकं उंच तितका तो खर्च दिसत नाही पण लागतो. लाल टाचणी.

दुसरा मुद्दा भरतीची तयारी करणाऱ्या पोरींकडून आला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची टीका तीच होती. त्या मागं उभ्या होत्या, पुढं पुरुष बसलेले. येणं-जाणं सांभाळणाऱ्या पोरीनं हे बघितलं आणि मॉडेल उचलून दुसऱ्या खोलीत त्यांच्याकडे नेलं. तिथं बऱ्याच वेळानं एक जण बोलली, "ताई, संडास मांगं नाल्याकडं हाये न, मंग आमी जाणारच नाही. सांजच्याले तं नाहीच." दुसरी म्हणाली की दार टपरीसमोर आहे, रोज संध्याकाळी तिथून शिरायचं म्हणजे घरचे पाठवणार नाहीत. मग दार कुठं पाहिजे असं विचारल्यावर तिनं स्वतःच पश्चिमेच्या भिंतीची टाचणी काढली, भिंत बाजूला ठेवली आणि दक्षिणेकडे बोट दाखवलं, इकडं घरं आहेत, आजी-काकू ओट्यावर बसलेल्या असतात, इकडून आलो तर सगळ्यांना दिसतो. भिंत चिकटवलेली असती तर ती तिनं काढली नसती याची मला खात्री आहे. कडुनिंबाच्या ओट्यावर मात्र त्यांनीच हिरवी टाचणी लावली.

मग बारीकसारीक पण कामाचं बरंच आलं. "कूलर कुठं ठेवता?" हा प्रश्न तर सगळ्यांना इतका साधा वाटला की पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले, कारण पाच जणांपैकी एकाच्याही ड्रॉइंगवर कूलर नव्हता. विदर्भातल्या वाचनखोलीत एप्रिल ते जून कूलर लागतोच, त्याला बाहेरच्या बाजूनं कट्टा पाहिजे, जवळ नळ पाहिजे, आणि समोरच्या भिंतीत वर हवा निघायला जागा पाहिजे, नाहीतर आत नुसता दमटपणा होतो आणि वह्या ओल्या लागतात.

छताचं वेगळंच झालं. पोरं सेवाग्रामला जाऊन आली होती, १९३६ पासूनच्या त्या आश्रमातल्या कुटी, मातीच्या भिंती, खाली उतरलेलं कवेलूचं (कौलांचं) छप्पर, खोल ओसरी बघून भारावली होती, आणि वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात कुंभाराच्या चाकावर केलेल्या निमुळत्या कवेलूंच्या कमानी असतात हेही वाचलं होतं. म्हणून त्यांनी स्लॅबऐवजी कवेलूचं दुसरं छतही करून आणलं होतं, आलटून पालटून ठेवायला. लोकांना ते आवडलं, पण एक म्हातारे बाबा म्हणाले, "माकडं ठेवत नाही न बाप्पा." कवेलू फोडणाऱ्या माकडांपायीच गावातल्या निम्म्या लोकांनी टिन टाकली होती. आणि ग्रुपमधला एक जण, जो पांढरकवड्याकडचा आहे आणि कॉलेजात फार बोलत नाही, तो म्हणाला की आमच्या घरी पण हेच झालं. त्याला हे आधीपासून माहीत होतं. कॉलेजात त्या देखण्या छतासमोर बोलावंसं वाटलं नाही, इथं बाबा बोलले म्हणून बोलला. त्यानंतर तो ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त बोलायला लागला हे मला फार आवडलं.

रात्री टाचण्या घेऊन बसले. बाकी मुद्दे भराभर सुटले, पण तीन मोठ्या लाल टाचण्या उरल्या, ऊन, उतार आणि दार, आणि तिघंही आपापल्या प्रश्नासाठी भांडत होते. ऊनवाली म्हणे पश्चिमेची बाजू लहान करा, जमीनवाला म्हणे लांबी उताराला आडवी घ्या, येण्या-जाण्यावाली म्हणे दार दक्षिणेला. बराच वेळ प्रत्येक जण वेगळा उपाय सांगत होता, काच काढू, जोतं पायरीपायरीनं घेऊ, दारासमोर भिंत घालू. मग ड्रॉइंग सांभाळणाऱ्यानं हॉल बेसवरून उचलला आणि काटकोनात फिरवून ठेवला. लांब बाजू पूर्व-पश्चिम. पश्चिमेला फक्त ६ मीटरची आखूड भिंत उरली. उताराच्या दिशेनं १४ ऐवजी ६ मीटर आले, म्हणजे जोतं दक्षिणेला ४५ आणि उत्तरेला फक्त ७०. दार दक्षिणेच्या छपरीत, घरांकडे तोंड, आणि ४५ सेंटीमीटरचा रॅम्प ५.४ मीटरचा, भिंतीच्या कडेकडेनं आरामात बसला. उत्तरेला वाचायला लागतो तो स्थिर उजेड आणि कूलरचे कट्टे. तीन भांडणांचं उत्तर एकच निघालं, आणि ते कोणा एकाच्या डोक्यातून निघालं नाही, तिघांचे हट्ट एकाच टेबलावर होते म्हणून निघालं. इमारत टाचण्यांवर होती म्हणून ती फिरवून बघायला दोन मिनिटं लागली, नाहीतर कोणी म्हणालं असतं की आता एवढं केलंय तर राहू द्या.

सगळं गोड झालं असं नाही. काचेच्या एलिव्हेशनवर ज्यानं सगळ्यात जास्त काम केलं होतं तो दोन दिवस नाराज होता आणि मला त्याचं चूक वाटत नाही, एका कल्पनेत जीव ओतल्यावर ती सोडणं सोपं नसतं. सरपंचांचंही म्हणणं होतं की रोडवरून दिसलं पाहिजे, गावाचं काम आहे. ती आखूड पश्चिम बाजू मग त्याच मुलाकडे दिली. त्यानं तिथं अडीच मीटर खोल छपरी घेतली, विटांची जाळी, पेपर वाचायला दगडी बाक आणि भरतीच्या जाहिराती लावायचा फलक. खरं सांगायचं तर काचेपेक्षा हे कितीतरी चांगलं दिसतं, आणि बाहेरच्या बाहेर पेपर वाचून जाणाऱ्या माणसालाही जागा मिळते. संडास पूर्वेच्या टोकाला आणले, दारं छपरीतच उघडणारी, दिव्याखाली.

छताला शेवटी फिलर स्लॅब ठरला, आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात खूप वापरला तो प्रकार. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळई घेते, म्हणून सळयांच्या मधल्या जागेत कवेलू ठेवले तर काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं आणि कवेलूच्या पोकळीमुळे गरमीही थोडी अडते. घरकुल बांधताना उतरवलेल्या कवेलूंचे ढीग गावात दारोदारी पडलेले आहेत, आणि स्लॅबच्या पोटातल्या कवेलूला माकड हात लावू शकत नाही. मिस्त्रींना हे शब्दांत पटेना, म्हणून ग्रुपनं १:१० ला स्लॅबचा एक तुकडा केला, तारेच्या सळया, मातीचे छोटे कवेलू, अर्धा भाग उघडा. तो हातात घेऊन त्यांनी बराच वेळ उलटसुलट बघितला आणि मग सळईच्या अंतराबद्दल प्रश्न विचारले, म्हणजे ते बांधायला लागले होते.

शेवटच्या ज्युरीला दोन मॉडेलं शेजारी ठेवली, एक स्वच्छ आणि एक टाचण्यांनी भरलेलं कच्चं. एका बाहेरच्या परीक्षकांनी फिनिशिंगवर नाराजी दाखवली, सांधे दिसतात म्हणाले. दुसऱ्या परीक्षक मॅडम मात्र कच्च्या मॉडेलजवळच बसून राहिल्या, एकेक लाल टाचणी कोणाची आणि त्याचं काय केलं हे विचारत, आणि पाचपैकी कोणालाही विचारलं तरी उत्तर येत होतं, कारण प्रत्येक टाचणीवर सगळे भांडले होते. ग्रुपवर्कचे मार्क द्यायचे असतील तर मी हेच बघेन, शीटवर पाच नावं आहेत का हे नाही.

स्वच्छ मॉडेल कॉलेजनं ठेवून घेतलं. कच्चं आता ग्रामपंचायतीत आहे आणि मिस्त्री त्यावरून अंदाजपत्रक काढून राहिले आहेत. फिलर स्लॅबचा एक छोटा नमुना ते आधी जोत्यावर ओतून बघणार, मगच होकार देणार, आणि ते बरोबरच आहे. शोषखड्ड्याचं अजून ठरायचं आहे, काळ्या मातीत पाणी जिरत नाही आणि नाला एवढा जवळ, म्हणून पूर्वेच्या कोपऱ्यात मुरमापर्यंत खड्डा खोदून, पाणी भरून किती वेळात उतरतं ते पावसाळ्याच्या आधी मोजायचं आहे. पाणी-जमीनवाला त्यासाठी पुढच्या सुट्टीत येतो म्हणाला आहे. खड्ड्याची जागा सरकली तर संडासाची भिंतही सरकवावी लागेल, त्यासाठी त्यानं ती मॉडेलमध्ये टाचण्यांवरच ठेवली आहे.